सनईची जागा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळची शिकवणी आटोपून मी तंबोऱ्यावर गवसणी चढवीत होतो, तोच माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. सहा वर्षे ती माझ्याकडे गाणे शिकली होती. पुढे नोकरीच्या व्यापात शिकवणी सुटली. हातात घडी घातलेला कागद होता. नमस्कार करून म्हणाली, "मास्तर, जानेवारीत माझं लग्न आहे. चर्चमध्ये संगीत कोणतं ठेवायचं, ते तुम्ही ठरवून द्या."

मी थक्कच झालो. माझा सारा जन्म मंगलाष्टकांच्या घोळक्यात गेलेला; कॅथॉलिक लग्नाच्या संगीताशी माझा संबंध काय? मी म्हणालो, "अगं, तुमच्याकडे गायकवृंद आहे, ऑर्गन वाजवणारे आहेत. त्यांना विचारायचं सोडून माझ्याकडे कशी आलीस?"

"आजी म्हणाली, आधी तुमच्याकडे जा."

मी कागद उलगडला. नऊ नावे होती. जर्मन संगीतकारांच्या दोन वरातीच्या धुना, दोन हिंदी चित्रपटगीते, एका इंग्रजी चित्रपटातले गाणे, 'आवे मारिया' दोन प्रकारची, आणखी दोन इंग्रजी भक्तिगीते. आणि या नऊ नावांच्या खाली थरथरत्या हाताने, पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द: सनई.

तो शब्द वाचला आणि मी मुकाट्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. बडोद्याच्या जुन्या घरांतून आजही कलावंत कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. 'कारखाना' म्हणजे खाते. गवई, बीनकार, सारंगिये, सनईवाले हे सगळे त्या खात्याचे नोकर. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1886 साली, मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा निघाली आणि स्वरलिपीवरून मुले गाणे शिकू लागली, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. या मंडळींच्या शेजारीच संस्थानचा बँड असे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत; त्यामुळे मुंबईपासून संस्थानांपर्यंत बँड उभा करायचा म्हटले की गोव्याचे वादक लागत. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंदही पुष्कळसे त्यांच्याच हातांवर उभे राहिले.

माझे वडील सनई वाजवीत. संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याआधीची शेवटची तीनचार वर्षे त्यांनी सोळासतरा वर्षांच्या वयात दरबारची चाकरी केली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, फक्त ऐकला. या मुलीचे आजोबा त्याच सुमारास बँडात व्हायोलिन वाजवायला लागले होते. गोव्याचा कॅथॉलिक तरुण आणि नगारखान्यातला सनईवाला यांची जी गट्टी जमली, ती दोघांच्या मरणापर्यंत टिकली. आजोबांनी लग्न केले ते वसईच्या मुलीशी. ते साल 1956. मित्राच्या लग्नात सनई वाजवायची असा वडिलांचा हट्ट होता. तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी चर्चमध्ये सनई नको म्हणून सांगितले. वडिलांनी बाहेर, दाराशी उभे राहून वाजवली.

आमच्या घरात ही हकीकत एका वाक्यात सांगत: "दरबारच्या सनईला दाराबाहेर उभं केलं." सांगणारे माझे चुलते. वडील यावर कधीच काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवशी वाजवलेली सनई त्यांनी एका वेगळ्या पेटीत ठेवली होती आणि ती पुन्हा वाजवताना त्यांना कोणी पाहिले नाही. पोरवयात मी त्याचा अर्थ एकच लावला होता: अपमान.

तेव्हा तो पेन्सिलीतला शब्द वाचून मी मनात काय ठरवले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. या खेपेस सनई आत वाजणार होती, अगदी वेदीपुढे.

दुसऱ्या रविवारी नियोजित वधूवरांबरोबर मी फादरांच्या भेटीला गेलो. फादर पन्नाशीचे, मृदू बोलणारे, पण यादी हातात घेतल्यावर ते थेट विषयावर आले. म्हणाले, "मास्तर, आधी गाणी निवडू नका. आधी जागा पाहा. कोणती जागा कसली आहे ते कळलं, की अर्धी यादी आपोआप गळेल."

मग त्यांनी विधी समजावून सांगितला. प्रवेशाची मिरवणूक, बायबलमधले वाचन, त्यावर उत्तर म्हणून स्तोत्र, शुभवर्तमानाआधी 'आलेलुया', प्रवचन, मग विवाहविधी, म्हणजे वधूवरांची वचने आणि अंगठ्या, त्यापुढे भाकर आणि द्राक्षरस वेदीवर आणण्याचे गीत, 'पवित्र, पवित्र' ही स्तुती, प्रभूची प्रार्थना, वधूवरांवरचा खास आशीर्वाद, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत आणि शेवटी बाहेर पडतानाचे संगीत. काही ठिकाणी वधूवर मरियामातेच्या मूर्तीपुढे फुले ठेवतात, त्या वेळी 'आवे मारिया'. यांतले काही भाग लोकांनी म्हणायचे, काही गायकवृंदाने, काही नुसते वाद्यांचे. स्तोत्राच्या जागी आवडते गाणे घालता येत नाही, कारण ते बायबलचेच वचन आहे. महिनाही पाहावा लागतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नुसते वाद्यवादन बंद. ऑर्गन फक्त गायनाच्या आधारापुरता. गुड फ्रायडे आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नच लागत नाही.

हे ऐकताना मला फार ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटले. राग प्रहर पाहून गावा, सकाळी मारवा घेऊ नये, भैरवीनंतर मैफल पुढे चालवू नये, हे आम्ही मुलांना शिकवतो ते याच न्यायाने. आवडीचा प्रश्न नंतर येतो.

यादी खरोखरच गळू लागली. चित्रपटगीते तिन्ही सायंकाळच्या स्वागतसमारंभाकडे गेली. तेथे त्यांना कोणाची हरकत नव्हती. वरातीच्या दोन धुनांची गंमत मला फादरांकडून कळली. एक वागनरच्या 'लोहेनग्रीन' या संगीत नाटकातली. ते 1850 साली वायमार येथे रंगभूमीवर आले. नवरानवरीला शयनगृहाकडे नेताना म्हटलेले ते समूहगीत आहे, आणि त्याच अंकात वधू नको तो प्रश्न विचारते व तो संसार सुरू होण्याआधीच मोडतो. दुसरी मेंडेल्सोनची, शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकासाठी त्याने ती 1842 साली रचली. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, 25 जानेवारी 1858 रोजी, ती वाजली आणि तेव्हापासून जगभरच्या लग्नांत शिरली.

"म्हणजे दोन्ही नाट्यपदंच की!" मी म्हणालो.

"म्हणूनच बरेच धर्मगुरू ती चर्चमध्ये घेऊ देत नाहीत," फादर हसून म्हणाले. "मी भांडत बसत नाही. पण विचारलंत तर नको म्हणेन."

नाट्यपदांवर वाढलेल्या माणसाने यावर काय बोलावे? संगीत नाटकाच्या साथीला आपल्याकडे जो पायाने भाता मारायचा ऑर्गन असे, तो चर्चच्या ऑर्गनच्याच कुळातला. तो इकडून तिकडे गेला, पण जाताना पदे मात्र इकडे येऊ दिली नाहीत! मुलीने दोन्ही नावांवर काट मारली.

'आवे मारिया' कोणती, यावर थोडी चर्चा झाली. शूबर्टची चाल 1825 ची. सर वॉल्टर स्कॉटच्या 'लेडी ऑफ द लेक' या काव्यातली नायिका मरियेची करुणा भाकते, ते हे गाणे. लॅटिन प्रार्थनेचे शब्द तिच्यावर मागाहून बसवले गेले. दुसरी गूनोची. योहान सेबास्टियन बाखने 1722 साली लिहिलेली एक छोटी रचना जवळजवळ जशीच्या तशी खाली ठेवून गूनोने 1853 साली तिच्यावर नवी सुरावट फिरवली. प्रथम व्हायोलिनसाठी, आणि प्रार्थनेचे शब्द पुढे काही वर्षांनी आले. जुन्या बंदिशीच्या अंगावर दुसऱ्याने नवा अंतरा चढवावा, तसे काहीसे. मुलगी म्हणाली, "हीच घेऊ. आजोबा हीच वाजवायचे." तेवढ्याने निकाल लागला.

आता मी खिशातला विषय बाहेर काढला. सनई चालेल का, असे विचारले. उत्तर नकारार्थी आले असते तर भांडायची माझी तयारी होती. फादर शांतपणे म्हणाले, "चालेल की."

त्यांनी सांगितलेला इतिहास असा. 1903 साली दहावे पायस या पोपसाहेबांनी चर्चमधल्या संगीताला वळण लावण्यासाठी आज्ञापत्र काढले. त्यात पियानो आणि ढोलझांजा बंद झाल्या. बँड चर्चच्या आत वाजवायला सक्त मनाई झाली. फुंकवाद्ये मोजकी, आणि तीही बिशपसाहेबांच्या खास परवानगीने. बाहेरच्या मिरवणुकीत मात्र बँडला वाव ठेवला होता. पुढे 1955 च्या नाताळात बाराव्या पायसांनी पत्र काढून व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्यांची विशेष वाखाणणी केली. मग व्हॅटिकनची दुसरी महापरिषद भरली. 4 डिसेंबर 1963 च्या तिच्या दस्तऐवजाने ग्रेगोरियन गायनाचा आणि ऑर्गनचा मान कायम ठेवला, पण त्याचबरोबर निरनिराळ्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत स्थान द्यावे असेही सांगितले, आणि पवित्र कार्याला शोभतील अशी इतर वाद्ये तेथल्या धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने घ्यायला मोकळीक दिली. लॅटिन जाऊन लोकभाषा आल्या, त्या याच परिषदेनंतर.

म्हणजे 1956 साली आजोबांच्या मित्रमंडळींचे व्हायोलिन आत गेले आणि सनई बाहेर राहिली, याचे कारण माणसाच्या मनात नसून कागदावर होते. हे कळले, तरी माझे समाधान झाले नाही. मी म्हणालो, "तर मग वचनं देतात त्या वेळी सनई वाजेल. मंद स्वरात, मागे."

फादरांनी मान हलवली. "तेवढं नाही, मास्तर. आमच्यात लग्न पाद्री लावत नाही. वधूवर एकमेकांना वचन देतात, तोच संस्कार. मी फक्त साक्षीला. ते शब्द शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले पाहिजेत. तिथे ऑर्गनसुद्धा नाही. तिथे शांतताच ठेवायची."

मला राग आला, हे कबूल करतो. आत घेतो म्हणतात आणि मोक्याची जागा देत नाहीत, असे वाटले. घरी येताना मुलगी हळूच म्हणाली, "मास्तर, एकदा आजीला भेटता का? सनई तिनेच लिहिली आहे."

आजींना मी लहानपणापासून काकी म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी, कान थोडे मंद झालेत, पण वसईची मराठी अजून खणखणीत. मी वडिलांच्या अपमानाची गोष्ट काढताच त्यांनी मला मध्येच थांबवले.

"अपमान? कोणी सांगितलं तुला?"

मी चुलत्यांचे नाव घेतले.

"तो कुठे होता तिथे! मी होते. नवरीच होते मी." काकी सरळ बसल्या. "आमच्या ह्यांना फार वाईट वाटलं होतं. पाद्रीसाहेबांनी नाही म्हटलं तर लग्न दुसरीकडे लावतो म्हणाले. तुझ्या बापानंच त्यांना गप्प केलं. म्हणाला, वेड्या, आमच्यात तरी सनई गाभाऱ्यात वाजते का? नगारखाना दारावरच असतो. राजवाड्यात पाहा, देवळात पाहा. आत आरती चालते, सनई दारातून गावाला सांगते. मला दार दे, माझी तक्रार नाही."

मी काहीच बोललो नाही.

"आणि ऐक. आत ह्यांच्या बँडातल्या एका दोस्तानं व्हायोलिनवर आवे मारिया वाजवली. आम्ही बाहेर आलो, तर तुझ्या बापाची सनई त्याच सुरावर लागलेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हे चालता चालता थांबले आणि माझ्या कानात म्हणाले, बघ, त्यानं सूर तोच ठेवलाय. पाद्रीसाहेब आतला झगा न उतरवता पायऱ्यांवर आले आणि संपेपर्यंत उभे राहिले. आत काय काय गायले ते मी विसरले. दारातली सनई नाही विसरले."

"मग ती सनई त्यांनी पुन्हा का वाजवली नाही?"

काकी हसल्या. "ती पांढरी एकची होती ना? चर्चच्या ऑर्गनशी जुळावी म्हणून मुद्दाम आणलेली. त्यांच्या साथीदारांचे सूर सगळे काळीचे. रोजच्या कामाला तिचा काय उपयोग?"

घरी येऊन मी ती पेटी उघडली. सनईवर स्वर धरून पाहिला. फुंक नीट लागेना, पत्ती वाळून गेलेली, पण सूर पांढरी एकच्याच आसपास होता. माझी चाळीस वर्षांची तक्रार त्या एका सुराने निकालात काढली. वडिलांनी सकाळच्या त्या वेळी कोणता राग घेतला असेल, याचाही मला आता अंदाज आला. गूनोची ती रचना मुख्यतः पांढरी एकच्या शुद्ध स्वरांवर उभी, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या जवळची. सकाळी दहा-अकराची वेळ. अल्हैया बिलावलाखेरीज दुसरे काय असणार? आतला सूर मोडू न देता त्यांनी तो दारातून पुढे नेला होता. आणि मी निघालो होतो तो वचनांवर घालायला!

पुढचे काम मग सरळ झाले. आजींसाठी आणि वसईच्या पाहुण्यांसाठी स्तोत्र मराठीत म्हणायला फादरांनी संमती दिली. बाकीची मिस्सा इंग्रजीत. लग्नात नेहमी घेतात ते एकशे अठ्ठाविसावे स्तोत्र निवडले. देवाला भिऊन वागणाऱ्याच्या घरी पत्नी द्राक्षवेलीसारखी बहरते आणि मुले ऑलिव्हच्या रोपांसारखी पंगतीला बसतात, अशा अर्थाचे ते आहे. शब्द मान्य भाषांतराचे. एक अक्षर बदलायचे नाही. छंद नाही, यमक नाही. तालात बसवायला गेलो तर अर्थ मोडू लागला. शेवटी चरण एकट्या गायिकेने ओवीसारखे, ताल सोडून म्हणायचे आणि पालुपद लोकांनी केरव्यात, असे ठरवले. ओवीची आठवण झाली, तिलाही कारण होते. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात राहून ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत लिहिले आणि 1616 साली ते छापले गेले. 'ख्रिस्तपुराण' ते हेच. चारशे वर्षांची ही वाट आहे. मी नवीन काही करीत नव्हतो.

नवीन केले ते पालुपदात, आणि तेथेच फसलो. तार षड्जाला स्पर्श करून एक सुरेख हरकत मी घातली होती. पहिल्या तालमीला गायकवृंदातल्या बाया तेथे अडखळून हसू लागल्या. फादर म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही गाल. लोकांनी काय करायचं?" हरकत काढली. षड्जापासून पंचमापर्यंत पाच स्वरांत चाल आणून ठेवली. दुसऱ्या तालमीला चर्च झाडणाऱ्या बाईसुद्धा मागून म्हणू लागल्या, तेव्हा चाल जमली असे समजलो.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी दहाला लग्न लागले. ऑर्गनच्या संथ सुरावर मुलगी आईवडिलांसह आत आली. स्तोत्राला वसईकर मंडळींचा आवाज असा उठला, की इंग्रजी मिस्सेला सरावलेले लोक वळून पाहू लागले. मग दोघे वेदीपुढे उभे राहिले. ऑर्गन थांबला. कोणी खोकलेसुद्धा नाही. मुलीचा आवाज पहिल्या शब्दाला किंचित कापला आणि दुसऱ्याला सावरला. तिचा प्रत्येक शब्द मी शेवटच्या बाकावर बसून ऐकला. त्या क्षणी तेथे सनई असती, तर तो कंप कोणाला ऐकू आला असता?

मरियामातेपुढे फुले ठेवताना एका तरुणाने व्हायोलिनवर गूनोची रचना वाजवली. मी तेव्हा हळूच उठून बाहेर गेलो. दाराशी माझा चुलतभाऊ उभा होता. लग्नसराईत सनई वाजवणे हा त्याचा धंदाच. वडिलांच्या सनईला त्याने तेलपाणी करून, नवी पत्ती बसवून, आठवडाभर तिच्याशी ओळख करून घेतली होती. सूर धरायला त्याचा मुलगा. आतून बाहेर पडण्याचे संगीत संपत आले, तसा त्याने डोळे मिटून अल्हैया बिलावलाचा गंधार लावला.

आपल्या लग्नघरी हल्ली सनई यंत्रातून वाजते. सकाळी कोणीतरी कळ दाबतो, आणि पंगत उठेपर्यंत ती बोलण्याच्या गलक्यात कोठेतरी चालू राहते. मंगलाष्टके चित्रपटाच्या चालीवर म्हणण्याचीही हौस आहे. मी कोणाला दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या पुतणीच्या लग्नात मी हेच केले. पण कोणता सूर कोठे उभा करायचा आणि कोठे गप्प राहायचे, हे एका कॅथॉलिक लग्नाच्या यादीवर बसून मला पुन्हा शिकावे लागले. आणि ज्यांनी शिकवायचे त्यांनी ते 1956 सालीच दाखवून ठेवले होते.

वधूवर पुढे गेले. त्यांच्या मागून नातवाच्या हाताला धरून काकी आल्या. दारात थांबल्या. कान मंद, म्हणून त्या भावाच्या अगदी जवळ गेल्या आणि सनईच्या तोंडाशी कान नेऊन उभ्या राहिल्या. फादर वेदीजवळून आले होते. अंगावर झगा तसाच होता. तेही पायऱ्यांवर थांबले.

वाजवून झाल्यावर भावाने विचारले, "काकी, सूर बरोबर होता ना?"

काकींनी उत्तर दिले नाही. सनईवरून एकदा हात फिरवला आणि पायऱ्या उतरू लागल्या.